कॅम्पसचं वाय-फाय आणि उबुंटू २२.०४: पासवर्ड बरोबरच होता

यंत्र: चार वर्षांचा लॅपटॉप, रिअलटेक ८८२१सीई वाय-फाय कार्ड. प्रणाली: उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), २१ एप्रिलला आली त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर उतरवून नव्याने टाकलेली. आधी २०.०४ होती आणि तिच्यावर हेच वाय-फाय दोन वर्षं बिनतक्रार चाललं. नेटवर्क: कॅम्पसचं, डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाचं युजरनेम-पासवर्ड वेगळं. आत पीईएपी (आधी सुरक्षित बोगदा बांधून मग ओळख पटवायची पद्धत), त्याच्याही आत एमएस-चॅप व्ही२ (त्या बोगद्यातून पासवर्ड तपासायची पद्धत). जगभरातल्या बऱ्याच कॅम्पसवर हीच जोडी असते, म्हणून या नोंदी दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील असं वाटतंय.

सोमवार, २ मे २०२२

संध्याकाळी सहाला बसले, "पाच मिनिटांचं काम" म्हणून. यादीत कॅम्पसचं नाव दिसलं, निवडलं, चौकट उघडली. पद्धत पीईएपी, आतली पद्धत एमएस-चॅप व्ही२, युजरनेम, पासवर्ड. खाली सर्टिफिकेटचा (समोरच्या सर्व्हरच्या ओळखपत्राचा) रकाना रिकामा ठेवला तर "कनेक्ट" दाबताच येईना, म्हणून "सीए सर्टिफिकेटची गरज नाही" या चौकोनात टिक केली. (ही टिक लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यावं लागलं.)

चक्र अर्धा मिनिट फिरलं आणि पासवर्ड विचारणारी तीच चौकट पुन्हा समोर. पुन्हा टाकला. पुन्हा चौकट.

मग लक्षात आलं की कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलाय. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे ठिपक्यांमागे "ुप" लिहिलं जातंय की इंग्रजी अक्षरं, कळायला मार्ग नाही. "पासवर्ड दाखवा" वर टिक करून पाहिलं आणि स्वतःशीच हसले. चला, कारण सापडलं. इंग्रजीत टाकला.

पुन्हा तीच चौकट.

कार्डाचीच गडबड असेल म्हणून ते तपासलं. एलएसपीसीआयने (यंत्रातली कार्डं दाखवणारी आज्ञा) कार्ड दाखवलं आणि त्याखाली आरटीडब्ल्यू८८ हा त्याचा ड्रायव्हर लागलेला दाखवला. आरएफकिलमध्ये (वाय-फाय बंद केलेलं आहे का ते सांगणारी आज्ञा) कसलाही अडसर नाही. फोनचा हॉटस्पॉट लावला तर पहिल्या झटक्यात जोडला गेला. म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक, भांडण फक्त कॅम्पसच्या नेटवर्कशी.

गेलेला वेळ: अडीच तास. त्यातला दीड तास तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात.

मंगळवार, ३ मे

आज मी या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी चूक केली. विद्यापीठाच्या पोर्टलवर जाऊन पासवर्डच बदलला. तर्क असा की यंत्र वारंवार पासवर्ड मागतंय म्हणजे पासवर्डच चुकतोय.

खरं तर माझा फोन त्याच क्षणी, त्याच खात्याच्या त्याच पासवर्डावर, त्याच वाय-फायवर मजेत चालू होता. पुरावा हातात होता. हातातच काय, त्याच फोनवर मी "उबुंटू वाय-फाय पासवर्ड पुन्हा विचारतं" असं शोधत होते.

नवा पासवर्ड लॅपटॉपमध्ये टाकला. चौकट पुन्हा.

रात्री साडेनऊच्या सुमारास फोनचंही वाय-फाय गेलं. मग पोर्टलवरही लॉगिन होईना. "खाते तात्पुरते बंद." रूममेट म्हणाली, "तुझं नेट लागलं का गं?" मी म्हटलं, लागलं नाहीच, वर फोनचंही गेलं.

गेलेला वेळ: तीन तास. शिवाय फोनचा दिवसभराचा मोबाइल डेटा संपला.

बुधवार, ४ मे

सकाळी संगणक केंद्रात गेले. खिडकीमागच्या सरांनी खातं उघडून दिलं. मी लॅपटॉपची कर्मकहाणी सांगायला लागले तर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांच्या रेडियस सर्व्हरच्या (वाय-फायचे युजरनेम-पासवर्ड तपासणारा संगणक) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, माझ्या नावापुढे दोन वेगवेगळे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) होते. एकाच्या पुढे "चुकीचा पासवर्ड" अशी ओळीने रांग. दुसऱ्याच्या पुढे पासवर्डाचा उल्लेखच नाही, नुसतं अर्धवट तुटलेलं बोलणं.

"रांगवाला कोण?" त्यांनी विचारलं.

फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये या नेटवर्कसाठी वापरलेला पत्ता पाहिला. रांगवाला फोन निघाला. पासवर्ड मी बदलला, पण फोनमध्ये जुनाच जतन होता. तो बिचारा खिशात बसून दर थोड्या वेळाने जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहिला आणि शेवटी सर्व्हरने खात्यालाच कुलूप घातलं. ज्यांना कधी पासवर्ड बदलायचाय त्यांनी आधी फोन, टॅबलेट, जे काही असेल त्या सगळ्यांवर हे नेटवर्क "विसरा" करून घ्यावं आणि मगच बदलावा.

"आणि हा दुसरा," सर म्हणाले, "हा तुझा लॅपटॉप. अगं, याच्याकडून पासवर्ड आमच्यापर्यंत आलेलाच नाही."

हे वाक्य ऐकून मी तिथेच थांबले. पीईएपीमध्ये आधी लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात टीएलएस या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने बोगदा बांधला जातो, जसा ब्राउझर एखाद्या सुरक्षित साइटशी बांधतो तसाच. पासवर्डाची देवाणघेवाण त्या बोगद्यातून नंतर होते. बोगदाच उभा राहिला नाही तर पासवर्ड लॅपटॉपमध्येच बसून राहतो. पण नेटवर्क मॅनेजरला (उबुंटूत जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) आतल्या भानगडीतलं एवढंच कळतं की प्रमाणीकरण फसलं, आणि त्यावर त्याला एकच उपाय सुचतो: माणसाला पुन्हा पासवर्ड विचारायचा. म्हणजे त्या चौकटीचा माझ्या पासवर्डाशी सुरुवातीपासून काही संबंध नव्हता.

जुनाच पासवर्ड परत लावावा का, असा विचार आला. सरांनी नको म्हटलं. बरोबरच होतं, नाहीतर आणखी एक घोळ वाढला असता.

बुधवार, ४ मे, रात्र

आता लॉग. जर्नलसीटीएल (लॉग दाखवणारी आज्ञा) लावून फक्त डब्ल्यूपीए सप्लिकंट (वाय-फायला ओळख पटवून देणारा प्रोग्रॅम) या सेवेच्या ओळी समोर वाहत्या ठेवल्या आणि दुसऱ्या खिडकीतून जोडणी सुरू केली. सगळ्यात आधी हेच करायला हवं होतं, दोन दिवसांनंतर नव्हे. ओळी भराभर आल्या: अॅक्सेस पॉइंटशी (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या यंत्राशी) जोडणी झाली, ईएपी (ओळख पटवायची बोलणी) सुरू झालं, पद्धत २५ निवडली (पीईएपीचा क्रमांक), आणि मग टीएलएसची त्रुटी, शेवटी "अनसपोर्टेड प्रोटोकॉल". त्याखाली जोडणी तुटल्याची ओळ, कारण क्रमांक २३. २३ म्हणजे ८०२.१एक्स प्रमाणीकरण फसलं.

जास्त तपशील हवा म्हणून डब्ल्यूपीए सप्लिकंट हाताने, बडबड्या अवस्थेत (-डीडी) चालवायचं ठरवलं. छोटी कॉन्फिग फाइल लिहिली: नेटवर्कचं नाव, पीईएपी, युजरनेम, पासवर्ड. चालवलं. जोडणी तीन सेकंद लागायची आणि सुटायची, दर वेळी कारण ३ आणि शेजारी "लोकली जनरेटेड". तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं की "लोकली जनरेटेड" म्हणजे तोडणारं आपलंच यंत्र आहे. नेटवर्क मॅनेजर मी बंदच केला नव्हता. एकाच कार्डावर दोघांची ओढाताण चालली होती. तो आधी थांबवला आणि मग पुन्हा सुरुवात केली.

आणखी एक कबुली: त्या छोट्या फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला होता आणि फाइल घरच्या फोल्डरात कुणालाही वाचता येईल अशी पडली होती. काम झाल्यावर पुसली. लॉग दुसऱ्याला दाखवणार असाल तर त्यातलं युजरनेमही आधी झाका, ते तिथे सरळ दिसतं.

गेलेला वेळ: साडेतीन तास. पण आज पहिल्यांदाच काहीतरी हाती लागलंय.

गुरुवार, ५ मे

"अनसपोर्टेड प्रोटोकॉल" चा माग काढला. २०.०४ मध्ये ओपनएसएसएल (प्रोग्रॅमना टीएलएस बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) १.१.१ होतं, २२.०४ मध्ये ३.० आलं. ओपनएसएसएल ३.० मध्ये टीएलएस १.० आणि १.१ फक्त सुरक्षा पातळी ० वर (सर्वात ढिल्या) चालतात, उबुंटूची पातळी मात्र मुळातच २ ठेवलेली. टीएलएस १.० हे १९९९ चं आणि १.१ हे २००६ चं. मार्च २०२१ मध्ये दोन्ही अधिकृतपणे मोडीत काढण्यात आली. म्हणजे उबुंटूने केलं ते योग्यच. कॅम्पसचा रेडियस सर्व्हर जुना होता आणि टीएलएस १.० च्या वर बोलायला तयार नव्हता. माझा जुना फोन ते मुकाट्याने मान्य करायचा, म्हणून तो चालायचा.

खात्री करून घेण्यासाठी हाताने लिहिलेल्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवल्या. एक, ओपनएसएसएल सायफर्ससाठी "डिफॉल्ट@सेकलेव्हल=०". दुसरी, फेज १ (बोगदा बांधायचा टप्पा) मध्ये "टीएलएस डिसेबल टीएलएसव्ही १.०=०", म्हणजे टीएलएस १.० बंद करू नकोस.

जोडलं गेलं! डीएचसीपीने पत्ता दिला, पान उघडलं. रात्रीचे पावणेबारा. रूममेट झोपली होती म्हणून ओरडता आलं नाही.

शुक्रवार, ६ मे

रोज हाताने चालवणं शक्य नाही, हे नेटवर्क मॅनेजरकडूनच व्हायला हवं. पण २२.०४ सोबत आलेल्या नेटवर्क मॅनेजर १.३६ मध्ये एखाद्या जोडणीपुरतं टीएलएस १.० चालू करायची सोय नाही. मग वळले ओपनएसएसएलच्या मुख्य कॉन्फिग फाइलकडे, /ईटीसी/एसएसएल मध्ये असते ती. तिच्या शेवटच्या भागात पातळी २ होती, ती ० केली आणि किमान प्रोटोकॉल टीएलएस १.० लिहिला.

नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट केला. काहीच बदल नाही. फाइल तीनदा तपासली, अक्षरन् अक्षर. चाळीस मिनिटांनी ट्यूब पेटली: टीएलएस बोलतो डब्ल्यूपीए सप्लिकंट, आणि तो वेगळी सेवा म्हणून चालतो. नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट केला तरी सप्लिकंट जुनीच सेटिंग पोटात घेऊन बसलेला राहतो. त्याला स्वतंत्रपणे रीस्टार्ट केलं आणि वाय-फाय लागलं, नेटवर्क मॅनेजरमधून, चौकट न येता.

मग विजयाच्या आनंदात वर्गमित्राला दाखवलं. त्याने एकच विचारलं, "अगं, पण ही फाइल सगळ्या यंत्राची आहे ना?"

होती. वाय-फायच्या एका जुन्या सर्व्हरसाठी मी लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएल वापरणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमची पातळी शून्यावर आणली होती. घरच्या एका खोलीची चावी सापडेना म्हणून सगळ्या घराची कुलुपं काढून ठेवावीत, तसं. लगेच जुनी फाइल परत ठेवली.

शनिवार, ७ मे

सवलत फक्त सप्लिकंटला द्यायची, बाकी कुणाला नाही. मार्ग असा:

ओपनएसएसएलची एक छोटी वेगळी फाइल लिहायची आणि सिस्टीमडीला (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सांगायचं की सप्लिकंट सुरू करताना ओपनएसएसएल_कॉन्फ हा पर्यावरण-चल (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दिलेली सेटिंग) या फाइलकडे वळव. "सिस्टीमसीटीएल एडिट" ने सेवेवर ओव्हरराइड (वरून घातलेली दुरुस्ती) चढवता येतो, मूळ फाइलला हात लावावा लागत नाही. ओव्हरराइडमध्ये दोनच ओळी: सर्व्हिस असा मथळा आणि त्याखाली एन्व्हायर्नमेंटची ओळ.

पहिल्या खेपेला चाललं नाही. कारण बावळट होतं पण सांगते. या फाइलमध्ये "ओपनएसएसएल_कॉन्फ = ओपनएसएसएल_इनिट" ही ओळ सर्वांत वर, कुठल्याही चौकटी कंसातल्या मथळ्याच्या आधी हवी. मी ती आठवली तेव्हा, म्हणजे अगदी खाली, चिकटवली. मग ती वरच्या मथळ्याच्या भागात मोजली जाते आणि ओपनएसएसएल तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्रुटीसुद्धा देत नाही. ओळ वर नेली, सप्लिकंट रीस्टार्ट केला, लागलं.

ओपनएसएसएल वापरणारे बाकीचे प्रोग्रॅम सगळे आता मूळ पातळीवर. ढिला दरवाजा फक्त वाय-फायच्या प्रमाणीकरणाला.

गेलेला वेळ: दोन तास. हा वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

रविवार, ८ मे

पहिल्या दिवशीच्या टिककडे परत. "सर्टिफिकेटची गरज नाही" असं सांगितलं की लॅपटॉप समोरच्या सर्व्हरची ओळख विचारतच नाही. कुणीही त्याच नावाचं वाय-फाय कॅन्टीनबाहेर उभं करावं आणि माझा लॅपटॉप त्याच्याशी बोगदा बांधून पासवर्डाचं उत्तर देणार. एमएस-चॅप व्ही२ चं ते उत्तर उलगडायचं म्हणजे डीईएस या जुन्या कूटपद्धतीची एकच किल्ली शोधायची, एवढंच काम उरतं. २०१२ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत ते दिवसभरात होतं असं करून दाखवलं गेलं होतं. आणि याच पासवर्डावर माझं ईमेल, निकाल, ग्रंथालय सगळं आहे. म्हणजे बोगद्याच्या टोकाला कोण आहे हे तपासणं, एवढाच इथे खरा बचाव आहे.

आमच्या कॅम्पसचं सर्टिफिकेट त्यांच्या स्वतःच्या प्राधिकरणाचं (सर्टिफिकेट देणारी संस्था, म्हणजेच सीए) आहे. ते केंद्राच्या पानावरून उतरवलं आणि त्याचा ठसा (सर्टिफिकेट ओळखायची अक्षर-अंकांची ओळ) सोमवारी खिडकीवर जाऊन सरांच्या स्क्रीनवरच्या ठशाशी ताडून पाहायचं ठरवलं. जोडणीत सर्टिफिकेटचा मार्ग दिला, टिक काढली. शिवाय डोमेनच्या रकान्यात सर्व्हरचं नाव लिहिलं. हा रकाना बरेच जण रिकामा ठेवतात. सर्टिफिकेट एखाद्या मोठ्या सार्वजनिक प्राधिकरणाचं असेल तर तो भरणं अत्यावश्यक, कारण त्या प्राधिकरणाचं सर्टिफिकेट कुणालाही विकत घेता येतं. नाव जुळलं पाहिजे.

एका प्रयत्नात लागलं. काही अनुभव चांगलेही येतात.

सोमवार, ९ मे

ठसा जुळला. सरांना टीएलएस १.० बद्दल लॉगच्या चार ओळी छापून दिल्या. म्हणाले, लिनक्सवाल्या तिघा-चौघांची तक्रार होती, पण सगळे "पासवर्ड चालत नाही" एवढंच सांगायचे. सर्व्हर बदलायचा प्रस्ताव आहे म्हणाले, तारीख सांगितली नाही.

दुपारी नवी तक्रार. ऑनलाइन व्याख्यान दर दोन-चार मिनिटांनी अडखळतंय. राउटरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवलं: ४ मिलिसेकंद, ५, ४, मग एकदम ३८०. हे बहुधा कार्ड डुलकी काढत असल्याचं लक्षण. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हची फाइल असते, तिच्यात ३ होते (चालू), ते २ केले (बंद). नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट. पिंग सपाट. बॅटरी थोडी लवकर उतरते, चालेल.

गेलेला वेळ: वीस मिनिटं. असंच सगळं असावं.

बुधवार, ११ मे

प्रयोगशाळेत दोन अॅक्सेस पॉइंट ऐकू येतात आणि लॅपटॉप नेमका लांबचा धरून बसतो. सिग्नल उणे ७८ डीबीएम, जवळच्याचा उणे ५२ (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार). म्हणून जोडणीच्या बीएसएसआयडी रकान्यात जवळच्याचा पत्ता लिहून टाकला. छान चाललं. तासाभराने ग्रंथालयात गेले तर वाय-फाय लागेना. पोटात गोळा आला, पुन्हा टीएलएस की काय? नव्हतं. मीच त्याला सांगून ठेवलं होतं की या एकाच अॅक्सेस पॉइंटशी बोल, आणि तो राहिला प्रयोगशाळेत. रकाना रिकामा केला. लांबचा पॉइंट धरला तर एकदा तोडून जोडते, इतकंच.

शनिवार, १४ मे

सकाळपासून वाय-फाय नाही. लॉगमध्ये सर्टिफिकेटची फाइल उघडता आली नाही अशी ओळ. काल रात्री डाउनलोड्सचं फोल्डर साफ केलं होतं. नेटवर्क मॅनेजर सर्टिफिकेटची प्रत स्वतःकडे ठेवत नाही, फक्त मार्ग लक्षात ठेवतो. फोनच्या डेटावरून पुन्हा उतरवलं, ठसा ताडला, या वेळी /ईटीसी खाली नीट जागा करून ठेवलं आणि जोडणीत मार्ग बदलला.

पाच मिनिटं. लॉग आधी उघडला म्हणून पाच. नाहीतर मी पुन्हा पासवर्ड बदलला असता.

मंगळवार, १७ मे

आजचं प्रकरण या वहीतलं सर्वात विचित्र. वाय-फाय लागलेलं, बाहेरच्या साइट सगळ्या उघडतात, पण असाइनमेंट जमा करायचं कॅम्पसचं अंतर्गत पान उघडत नाही. फोनवर उघडतं. रूममेटच्या विंडोजवर उघडतं. आणि जमा करायची मुदत रात्री बाराची.

डीएनएस पाहिलं. नावावरून पत्ता बरोबर येत होता, १७२.१७ ने सुरू होणारा. दुसरा ब्राउझर लावला. आज सकाळपर्यंत चालणारा ओव्हरराइड काढून पाहिला, घातला (त्याचा काही संबंध नव्हता, पण माणूस घाबरला की शेवटच्या वेळी जिथे दुखलं तिथेच चाचपतो). दोन तास गेले. शेवटी रूममेटच्या लॅपटॉपवरून जमा केलं, पावणेबाराला.

मुदत टळल्यावर शांतपणे बसले. "आयपी रूट गेट" ला तो पत्ता देऊन विचारलं, या पत्त्याकडे जायचं तर कोणत्या वाटेने जाशील? उत्तर आलं: डॉकर०.

रविवारी मी डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं साधन) टाकलं होतं. डॉकर आपल्या आतल्या पुलासाठी (त्या डब्यांना जोडणारं नेटवर्क) आपणहून १७२.१७.०.० ची /१६ पट्टी घेतं. पासष्ट हजारांवर पत्ते. कॅम्पसनेही अंतर्गत सर्व्हरांसाठी तीच पट्टी वापरलेली. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते खासगी वापरासाठीच राखलेले आहेत, त्यामुळे दोघांचंही चुकलं नाही, फक्त दोघांनी एकच निवडली. लॅपटॉपला वाटायचं की ते पान आपल्याच पोटात कुठेतरी आहे, आणि तो विनंती बाहेर पाठवायचाच नाही. वाय-फाय लागलेलं, इंटरनेट चालू, आणि कॅम्पस मात्र गायब.

बुधवार, १८ मे

डॉकरच्या डीमन.जेसन या सेटिंग फाइलमध्ये "बीआयपी" (पुलाचा पत्ता) ला १०.२००.०.१/२४ दिलं. कॅम्पसमध्ये ती पट्टी वापरात नाही ना, हे आधी सरांना विचारून घेतलं. डॉकर रीस्टार्ट, पान उघडलं.

पण संध्याकाळी डॉकर कंपोझने (अनेक डबे एकत्र उठवणारं साधन) एक प्रकल्प उठवला आणि ग्रंथालयाचा कॅटलॉग बंद. कंपोझ प्रत्येक प्रकल्पाला नवं नेटवर्क देतं आणि १७२.१८, १७२.१९ असं पुढे सरकत जातं. "बीआयपी" फक्त पहिल्या पुलाला लागू होतं. त्याच फाइलमध्ये "डिफॉल्ट अॅड्रेस पूल्स" हाही रकाना भरावा लागतो. भरला. आधी बनलेली नेटवर्कं जुन्याच पट्टीवर राहतात, ती पुसून नव्याने उठवली. त्यानंतर कॅटलॉगही आला.

गुरुवार, २१ जुलै

संगणक केंद्राचा ईमेल: रविवारी रेडियस सर्व्हर बदलला, नवं सर्टिफिकेट पानावर ठेवलंय. नवं उतरवलं, खिडकीवर जाऊन ठसा ताडला, सर्व्हरचं नाव तेच होतं. ओव्हरराइड काढून टाकला, सप्लिकंट रीस्टार्ट केला आणि बडबड चालू ठेवून लॉग पाहिला. "यूझिंग टीएलएस व्हर्जन टीएलएसव्ही १.२". ती छोटी फाइल पुसली.

दुपारी पहिल्या वर्षाची एक मुलगी जुनाट लॅपटॉप घेऊन आली. "ताई, पासवर्ड बरोबर आहे तरी परत परत विचारतोय." तिला चौकटीपासून हात लांब ठेवायला सांगून लॉग उघडला. "सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड." कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला, बंद केला की लॅपटॉप काळ विसरतो. इंटरनेटवरून वेळ घेता आली असती, पण इंटरनेटसाठी आधी वेळ बरोबर हवी. हाताने तारीख लावली आणि जोडलं गेलं. सेल बदलेपर्यंत रोज सकाळी आधी घड्याळ आणि मग वाय-फाय, असं तिला झाकणावर चिठ्ठी चिकटवून दिलंय.